ऑर्किडला फूल का येत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमची तिसऱ्या मजल्यावर पूर्वेकडची गॅलरी आहे आणि तिथे ग्रिलला, स्टँडवर, एका जुन्या लाकडी फळीवर मिळून २३ ऑर्किड आहेत, बहुतेक फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम, दोन व्हँडा, एक ऑन्सिडियम. घरी कुणीही आलं की गॅलरीत जातं आणि मग ठरलेला प्रश्न येतो, आमच्या ऑर्किडला फूलच येत नाही गं, काय करू. लोक फोटो पाठवतात, कुंडी घेऊन येतात, एक मावशी तर रिक्षातून मांडीवर कुंडी घेऊन आल्या होत्या. म्हणून तेच तेच प्रश्न एकदा नीट लिहून काढतेय.

दोन वर्षं झाली, पानं एकदम हिरवीगार आहेत, नवीन पानंही येतात, पण फूल नाही. काय चुकतंय?

ती हिरवीगार पानंच सांगतायत काय चुकतंय ते. उजेड कमी पडतोय. ऑर्किडचं पान पालकासारखं गडद हिरवं झालं की समजायचं झाड अंधारात बसलंय आणि जेवढा मिळतोय तेवढा उजेड पकडायला धडपडतंय. फुलायच्या तयारीतल्या झाडाचं पान कोवळ्या केळीच्या पानासारखं जरा पोपटी असतं. आपण उलट करतो, गडद पान दिसलं की खूश होतो आणि पोपटी दिसलं की खत घालतो.

माझं पहिलं फॅलेनॉप्सिस दीड वर्ष हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला होतं. खोली मला उजेडाची वाटायची. पण आपल्या डोळ्यांना सवय होते हो, घरातल्या ज्या खोलीत आपण आरामात पेपर वाचतो तिथे दोन-तीनशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि फॅलेनॉप्सिसला लागतो साधारण १० ते १५ हजार लक्स. म्हणजे आपल्याला जे "छान उजेड" वाटतं ते झाडासाठी तिन्हीसांज आहे. ती कुंडी मी ऑक्टोबरात गॅलरीत आणली आणि डिसेंबरच्या शेवटी पानाच्या बगलेतून फुलांचा दांडा आला. खत तेच होतं आणि पाणीही तेच, फक्त जागा बदलली.

मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं, अगदी अचूक नसलं तरी अंदाज येतो. ते नको असेल तर दुपारी बाराच्या सुमारास पानाच्या वर एक वीतभर अंतरावर हात धरा. सावली पडलीच नाही तर उजेड कमी आहे, अगदी काळी आणि कडेला धारदार पडली तर फॅलेनॉप्सिससाठी जास्त आहे, बोटं ओळखता येतील पण कडा धूसर दिसतील अशी पडली तर जागा बरोबर आहे. निम्म्याहून जास्त घरांमध्ये हा एवढा एक बदल करून फूल येईल असं मला मनापासून वाटतं, म्हणून बाकी काही वाचलं नाही तरी हे करून बघा.

मग सरळ उन्हात ठेवू का?

फॅलेनॉप्सिस असेल तर नको. सकाळी नऊ साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन चालतं, आवडतंच त्याला. त्यानंतरचं ऊन लागलं की पानावर आधी पांढुरका आणि मग तपकिरी कागदासारखा डाग पडतो, तो परत भरून येत नाही. पानाला हात लावून बघा, गरम लागलं तर लगेच कुंडी आत घ्या नाहीतर हिरवी शेडनेट बांधा. डेंड्रोबियम आणि व्हँडाला जास्त उजेड लागतो, त्यांना शेडनेटखाली दिवसभर ठेवलं तरी चालतं, पण सावलीतून एकदम उन्हात काढू नका, आठ-पंधरा दिवसांत थोडं थोडं सरकवा.

अजून एक, सूर्य वर्षभर एका जागी नसतो हे कुंडी ठेवताना लक्षात घ्या. हिवाळ्यात दक्षिणेच्या गॅलरीत ऊन खोलवर आत येतं. मे महिन्याच्या मध्याला पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या जरा उत्तरेला असतो. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीतलं ऊन त्या दिवसांत गायब होतं आणि उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. माझ्या नणंदेच्या उत्तरेच्या खिडकीत वर्षभर सुखात असलेलं झाड मे महिन्यात भाजलं ते ह्यामुळेच, तिला कळेचना की उत्तरेला ऊन आलं कुठून.

माझं ऑर्किड नक्की कुठलं हे कसं ओळखू?

हे आधी ओळखायलाच पाहिजे कारण प्रत्येकाचं वेगळं आहे. रुंद, जाड, जिभेसारखी चार-सहा पानं बुंध्याशी समोरासमोर, मधे खोड दिसत नाही आणि फुलं पतंगासारखी पसरट, ते फॅलेनॉप्सिस. भेट म्हणून मिळतं ते बहुतेक हेच. उसाच्या कांड्यांसारख्या उभ्या कांड्या, त्यावर पेरं आणि दोन्ही बाजूंना पानं, ते डेंड्रोबियम. कुंडीच नाही, टोपलीतून हातभर लांब मुळ्या खाली लोंबतायत, तो व्हँडा. चपट्या कांद्यासारखे गड्डे आणि बारीक पिवळी फुलं, जणू घेरदार परकर घातलेल्या मुली नाचतायत, ते ऑन्सिडियम. डेंड्रोबियममध्ये पण दोन जाती जास्त दिसतात, एकाला शेंड्यातून लांब दांडा येऊन फुलं येतात, बाजारात बुकेमध्ये मिळतं तेच जांभळं-पांढरं, आणि दुसरं नोबिली, त्याला पूर्ण कांडीवर पेरापेराला फुलं लागतात. दुकानदाराला नाव विचारून कुंडीवर पेनाने लिहून ठेवा.

फॅलेनॉप्सिसला फूल यायचा नक्की इशारा काय असतो?

गारवा. हे झाड दिवसाचं तापमान सतत २८ अंशांच्या वर असेल तर फक्त पानं काढत बसतं, दांडा काढत नाही. काही आठवडे तापमान २५-२६ च्या खाली आलं की त्याला कळतं आता फुलायचं. म्हणून आपल्याकडे दिवाळी झाली की झाड आत घ्यायचं नाही, उलट बाहेर ठेवायचं. लोक काय करतात, थंडी वाजेल बिचाऱ्याला म्हणून नोव्हेंबरात आत घेतात, आणि नेमकी ज्या थंडीची ते वाट बघत असतं तीच चुकते. पुण्यात, नाशकात रात्रीचे १३-१४ अंश त्याला काही करत नाहीत. पारा १० च्या खाली जाणार असेल तर मात्र तेवढ्या रात्रीपुरतं आत घ्या.

दांडा दिसला की फुलं उमलेपर्यंत साधारण तीन महिने लागतात, घाई करू नका. पण एकदा उमललं की दोन-अडीच महिने टिकतं, तेवढी वाट बघायचं सार्थक होतं.

आम्ही ठाण्याला राहतो, आमच्याकडे थंडी पडतच नाही. मग?

पडते हो, थोडी पडते. डिसेंबर-जानेवारीत रात्री १७-१८ पर्यंत उतरतं की. त्या दिवसांत कुंडी गॅलरीत, भिंतीपासून लांब, वारा लागेल अशी ठेवा, कारण दिवसभर तापलेली काँक्रीटची भिंत रात्रभर गरमी सोडत राहते आणि भिंतीला टेकलेल्या कुंडीला गारवा मिळतच नाही. दुसरा उपाय म्हणजे एसीची बेडरूम, २४ वर एसी आणि कुंडी खिडकीजवळ उजेडात, एसीचा झोत मात्र अंगावर नको. असं महिना-दीड महिना केलेल्यांना दांडे आलेले मी पाहिलेत.

आणि खरं सांगू का, मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी, गोवा ह्या सगळ्या दमट पट्ट्यात फॅलेनॉप्सिसच्या मागे लागण्यापेक्षा शेंड्याला फुलणारं डेंड्रोबियम लावा. त्याला थंडी नकोच असते, उकाडा आणि दमट हवा आवडते, आणि एकदा रुळलं की वर्षातून दोनदा तरी फुलतं. माझ्या मावशीच्या मालवणच्या घरी विहिरीजवळ आंब्याला बांधलेलं आहे, तिला खत म्हणजे काय हेही माहीत नाही आणि पावसाळा सरता सरता, गणपतीच्या आसपास दांडे लोंबतात.

डेंड्रोबियमच्या जुन्या कांड्यांची पानं गळून गेली, त्या वाळल्यासारख्या दिसतात. कापून टाकू?

अजिबात नको, हात लावू नका. ती कांडी म्हणजे त्या झाडाचा डबा आहे, पाणी आणि अन्न साठवलेला, नवीन कांडी तिच्यावरच पोसली जाते. शिवाय पान नसलेल्या कांडीलाही नंतर दांडा येतो, एकाच कांडीला दोन-तीन वर्षं येऊ शकतो. पूर्ण पिवळी-तपकिरी होऊन पोकळ झाली, दाबल्यावर चपटी झाली, तरच काढा.

डेंड्रोबियम फुलत नसेल तर नवीन कांड्या मोजा. ह्या वर्षीची कांडी गेल्या वर्षीच्या कांडीपेक्षा उंच आणि जाड असेल तर झाड बरोबर चाललंय, थोडं थांबा. दरवर्षी कांडी बारीक होत चाललीय म्हणजे उजेड नाहीतर मुळं, दोन्हीपैकी काहीतरी बिघडलंय.

नोबिलीचं वेगळं आहे. ते हिमालयाच्या पायथ्याचं झाड, सिक्कीमचं राज्यफूल. त्याला हिवाळ्यात उपास लागतो. नोव्हेंबरपासून खत पूर्ण बंद, पाणी अगदी कांडी सुरकुतणार नाही एवढंच, आणि रात्रीचा गारठा. पानं गळतील, गळू द्या. पेरांवर गोल कळ्या स्पष्ट दिसल्या की मग पाणी वाढवायचं. मायेपोटी हिवाळाभर खत-पाणी देत राहिलात तर कळ्यांच्या जागी पिल्लं, म्हणजे कांडीवरच फुटणारी छोटी रोपं येतात. हे मी स्वतः दोन हिवाळे केलंय, तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं.

पाणी रोज घालायचं की आठवड्यातून एकदा?

वार ठरवून घालू नका, मुळांकडे बघून घाला. ऑर्किडच्या मुळीवर स्पंजसारखं आवरण असतं, कोरडं असलं की चंदेरी-पांढरं दिसतं आणि पाणी पडलं की डोळ्यांदेखत हिरवं होत जातं. एकदा सकाळी मुद्दाम बघा, फवारा मारा आणि अर्धा मिनिट थांबा, पाऱ्यासारखी दिसणारी मुळी टोकापासून हिरवी व्हायला लागते. सगळ्या मुळ्या चंदेरी झाल्या की पाणी, हिरव्या आहेत तोवर नको. माझ्याकडे उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी आणि थंडीत पाच-सहा दिवसांनी येते वेळ. फॅलेनॉप्सिस पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत ठेवायचं ते ह्याचसाठी, मुळं दिसतात आणि मुळांना उजेडही मिळतो.

द्यायचं तेव्हा भरपूर द्या, खालून वाहून गेलं पाहिजे, आणि सकाळीच द्या. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पोंग्यात पाणी साचलं तर टिश्यू पेपरने टिपून घ्या, रात्रभर साचून राहिलं तर पोंगा सडतो आणि पोंगा गेला की झाड जवळजवळ गेलंच. व्हँडाचा नियम उलटा, त्याला रोज पाहिजे, बादलीत मुळ्या दहा-पंधरा मिनिटं बुडवून हिरव्यागार होईपर्यंत.

बोअरचं पाणी असेल तर मुळांवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा खार चढतो, तो मुळं जाळतो. आरओचं पिण्याचं पाणी चालतं, पावसाचं धरून ठेवलेलं तर उत्तम. आरओमधून जे वाया जाणारं पाणी निघतं ते मात्र ऑर्किडला नको, त्यात खार दुप्पट असतो. पाणी वाचवायची इच्छा चांगली आहे, ते फरशी पुसायला वापरा.

फूल येण्यासाठी कुठलं खत?

आपल्याकडे शेतीच्या दुकानात द्राक्ष-डाळिंबवाल्यांसाठी जी पाण्यात विरघळणारी खतं मिळतात तीच चालतात. १९:१९:१९ (हे आकडे म्हणजे नत्र, फॉस्फरस आणि पालाश ह्यांचं प्रमाण) अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात, आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्याने मुळं ओली करून मग. चौथ्या आठवड्यात खत नाही, नुसतं पाणी, म्हणजे साठलेला खार धुऊन निघतो. दुकानदार फुलासाठी १३:४०:१३ नाहीतर ००:५२:३४ देतो, ऑक्टोबरात दोन-तीन वेळा दिलं तर बिघडत काही नाही, पण ते दिलं की फूल येतं हा समज डोक्यातून काढा. उजेड आणि गारवा नसेल तर कितीही फॉस्फरस ओता, दांडा येणार नाही. जास्त खताने मुळांची टोकं काळी पडतात. कमी दिलेलं झाड उशिरा का होईना फुलतं, जास्त दिलेलं मरतं.

तांदूळ धुतलेलं पाणी, चहाचा चोथा, कांद्याच्या सालीचं पाणी, ताक... ह्यातलं काय चालतं?

गुलाबाला आणि मोगऱ्याला घाला, ऑर्किडला नको. मातीत हे सगळं कुजवणारे जीव असतात, ऑर्किडच्या कुंडीत माती नसते. मग चोथा कोळशाच्या फटीत अडकून बसतो, हवा बंद होते, बुरशी येते, मुंग्या येतात, बारीक चिलटं होतात. दालचिनीची पूड मात्र कामाची आहे, पान किंवा दांडा कापल्यावर कापलेल्या जागेवर चिमूटभर लावा, जखम सुकते. मुळांवर टाकू नका, ती पण सुकवते.

कुंडीत काय भरायचं? मातीत लावलं तर?

मातीत लावलं तर महिन्या-दोन महिन्यांत मुळं कुजतील. हे झाड जंगलात फांदीवर राहणारं, मुळांना वारा लागला पाहिजे. लोणारी कोळशाचे सुपारीएवढे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि विटांचे तुकडे, हे आपल्याकडचं साधं, स्वस्त मिश्रण. सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा म्हणजे त्यातला खार आणि तांबडं पाणी निघून जातं. कोरड्या हवेत सोडण जरा जास्त, कोकणात कोळसा आणि वीट जास्त. पाइनची साल मिळाली तर छानच.

आता एक गोष्ट जी खूप लोकांना माहीत नसते. नर्सरीतून आणलेल्या फॅलेनॉप्सिसच्या बरोबर मधे, मुळांच्या आत, बऱ्याचदा लहानपणीचा मॉसचा (शेवाळाचा) किंवा कोकोपीटचा (नारळाच्या भुशाचा) गोळा तसाच असतो, कधी प्लास्टिकच्या जाळीच्या कपासकट. वरून साल कोरडी दिसते आणि आत तो गोळा चिंब ओला. एका नर्सरीतून मी दोन रोपं आणली होती, फुलांनी लगडलेली, चार महिन्यांत दोन्हींची पानं लुळी पडली, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून अजून घातलं. शेवटी उपटून बघितलं तर मधली सगळी मुळं बोटाने दाबली की साल निघून नुसता दोरा राहत होता. तेव्हापासून नवीन रोपाची फुलं संपली की पहिलं काम, कुंडीतून काढायचं, चिमट्याने तो गोळा हळूहळू सोडवायचा, कुजलेलं कापायचं आणि नवीन मिश्रणात लावायचं. कुंडी मुळं मावतील एवढीच घ्या, मोठी नको. हे काम फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान, नवीन मुळांची हिरवी टोकं दिसायला लागली की करा, ऐन थंडीत दांडा यायच्या वेळेला करू नका.

पानाखालून काहीतरी हिरवं बाहेर आलंय. दांडा आहे की मुळी?

हा सगळ्यात आवडता फोटो, हा आला की मलाही आनंद होतो. मुळीचं टोक गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असतं, आणि ती कुठूनही फुटते, खाली वळते. दांडा वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या बगलेतून येतो, टोक जरा चपटं, तिरकं, लहान बाळाच्या अंगठा असलेल्या हातमोज्यासारखं, आणि त्यावर एकावर एक पापुद्रे दिसतात. पहिले आठ दिवस नुसतं बघून सांगता येत नाही. मी डिसेंबरात रोज सकाळी मोबाइलचा टॉर्च लावून पानांच्या बगला बघते. दांडा आहे हे कळलं की कुंडीवर उजेडाच्या बाजूला एक खूण करा आणि मग कुंडी फिरवू नका, दर वेळी फिरवली तर दांडा वाकडातिकडा होतो आणि फुलं सगळ्या दिशांना तोंडं करतात. वीतभर झाला की काडीला सैल बांधा.

कळ्या आल्या आणि पिवळ्या पडून गळून गेल्या. फार वाईट वाटतं.

वाटणारच, तीन महिने वाट बघितलेली असते. कळ्या गळायची कारणं बहुतेक वेळा अचानक बदलाची असतात, कुंडी पाहुण्यांना दिसावी म्हणून हॉलमध्ये आणली, पाणी द्यायचं राहिलं, गरम कोरडा वारा लागला, एसीचा झोत. रसशोषक फुलकिडे असतील तर कळीवर डाग पडतात आणि ती वेडीवाकडी उघडते.

आणि एक कारण खास आपल्याकडचं. एका मार्चच्या शेवटी कोकणातून दोन पेट्या हापूस आला, बेडरूमच्या कोपऱ्यात पेंढ्यात अढी घातली, आणि त्याच खोलीत खिडकीशी माझं पांढरं फॅलेनॉप्सिस होतं, ९ कळ्या, दोन उमललेल्या. चार दिवसांनी खोलीभर आंब्याचा वास आणि खाली सात पिवळ्या कळ्या. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं, त्याच वायूने शेजारचा आंबा पिकतो आणि त्यानेच ऑर्किडच्या कळ्या गळतात. पिकलेली केळी, सफरचंदं, चिकू, सगळं त्यात आलं. धुरातही इथिलीन असतं, म्हणून देवघराजवळ उदबत्तीच्या धुरात कळ्यांचं झाड ठेवू नका. फळांची टोपली आणि फुलणारं ऑर्किड एका टेबलावर फोटोत छान दिसतं, घरात नको.

फुलं संपल्यावर दांडा कुठे कापायचा?

फॅलेनॉप्सिसचा दांडा हिरवा असेल आणि झाडाला चार-पाच दणकट पानं असतील तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या डोळ्याच्या (दांड्यावरच्या पेराच्या) बोटभर वर कापा, त्या डोळ्यातून फांदी फुटून अजून फुलं मिळू शकतात. पानं दोन-तीनच असतील, लुळी असतील तर बुडापासून कापा, झाडाला विश्रांती द्या. दांडा पिवळा पडला असेल तर प्रश्नच नाही, कापा. कात्री आधी गॅसवर तापवून नाहीतर स्पिरिटने पुसून घ्या, एका झाडाचा व्हायरस दुसऱ्याला कात्रीनेच जातो. डेंड्रोबियमचा फक्त वाळलेला दांडा काढायचा, कांडी नाही.

फुलाऐवजी पिल्लू आलंय. चांगलं की वाईट?

पिल्लू म्हणून चांगलं, पण एकदम खूप पिल्लं यायला लागली तर आईची मुळं तपासा, खत कमी करा आणि उजेड वाढवा. पिल्लाला बोटभर लांबीच्या तीन-चार मुळ्या आल्या की कापून वेगळं लावा.

पावसाळ्यात बाहेर राहू देऊ का?

व्हँडा आणि डेंड्रोबियम, हो, निचरा चांगला असेल तर पाऊस त्यांना मानवतो, नवीन कांड्या ह्याच दिवसांत भरतात आणि त्याच पुढे फुलतात. फॅलेनॉप्सिस छपराखाली, आणि कुंडी जरा तिरकी. आठवडाभर सूर्य दिसला नाही तर पाणी-खत बंद. पानावर पाणी भरल्यासारखा तपकिरी, वास येणारा डाग दिसला तर तो भाग लगेच कापून टाका, वाट बघू नका, एका रात्रीत पान जातं. गोगलगायी रात्री कोवळे दांडे खातात, रात्री दहाला टॉर्च घेऊन एक चक्कर मारा आणि उचलून काढा.

पांढरं कापसासारखं चिकटलंय.

पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसा, पानांच्या बगला विसरू नका, मग आठवड्याने निंबोळी तेल पाच मिली आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड एक लिटर पाण्यात, फवारा संध्याकाळी. तीन आठवडे लागोपाठ करायला लागतं कारण अंड्यांतून नवे निघतात.

नागपूरच्या ४५ अंशांत ऑर्किड जगेल का?

जगेल, कूलरच्या खोलीत. कूलरची हवा दमट असते, ऑर्किडला तीच पाहिजे, फक्त झोताच्या समोर नाही, बाजूला ठेवा आणि खिडकीचा उजेड मिळू दे. खाली ट्रेमध्ये खडे आणि पाणी, कुंडी खड्यांवर, बूड पाण्याला टेकलं नाही पाहिजे. मार्च ते जून फुलाची अपेक्षा ठेवू नका, तेवढे महिने ते झाड जगवायचं. विदर्भातली खरी मजा हिवाळ्यात, तिथला गारवा फॅलेनॉप्सिसला फार मानवतो, नोव्हेंबरपासून बाहेर काढा.

आम्ही न्यू जर्सीत आहोत, सुपरमार्केटमधून घेतलेलं ऑर्किड परत फुलत नाही.

तुमच्याकडे थंडीची उणीव नाही, उजेडाची आणि दमटपणाची आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात, हीटर सुरू व्हायच्या आधी, खिडकीच्या अगदी जवळ ठेवा म्हणजे रात्री १५-१६ अंश मिळतात. हिवाळ्यात दक्षिणेची खिडकी बिनधास्त, तिकडचं तिरपं ऊन भाजत नाही. हीटरच्या वर ठेवू नका.

आंब्याच्या झाडावर बांधलं तर आंब्याचा रस शोषेल ना? बांडगूळच ते.

नाही, बांडगूळ वेगळं. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घालून रस ओढतं, ऑर्किड फक्त फांदीवर बसतं. त्याला पाणी पावसाचं आणि खाऊ सालीवर साठलेल्या पाचोळ्याचा. गंमत म्हणजे व्हँडा हे नाव संस्कृतातल्या "वन्दा" शब्दावरून आलंय, आणि तो शब्द झाडावर वाढणाऱ्या अशा झाडांसाठीच वापरायचे. घराजवळ आंबा, फणस, चिकू असेल तर जरूर बांधा, पूर्वेच्या बाजूला, सुतळीने घट्ट, मुळं चिकटली की सुतळी आपोआप कुजते. जून उत्तम महिना.

आंबोलीला रस्त्याच्या कडेला झाडावर बघितलं, आणू का?

कृपा करून आणू नका. आपल्या सह्याद्रीत मे-जूनमध्ये सीतेची वेणी फुलते, गुलाबी-पांढरी, खरंच वेणीसारखी लोंबते, आसामात तिलाच कोपौ म्हणतात आणि बिहूला मुली केसात माळतात. तिचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात स्वतःचं अन्न नसतं, जंगलातल्या ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. म्हणजे एक फुलणारं झाड तयार व्हायला किती योग जुळून यावे लागतात बघा. भारतात ऑर्किडच्या १२५६ जाती नोंदवल्यात आणि त्यातल्या कितीतरी फक्त सह्याद्रीत आहेत. राखीव जंगलातून काढणं हा गुन्हा आहेच, शिवाय फ्लॅटमध्ये ती फार काळ टिकत नाही. तसंच बँकॉकहून येताना बॅगेत रोप टाकून आणणं, सगळं ऑर्किड कुळ सायटीस ह्या वन्य झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतं, परवाना आणि रोपांची तपासणी लागते, विमानतळावर जप्त होतं. नर्सरीत टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रोपं मुबलक मिळतात, ती घ्या.

ऑनलाइन घेतलेलं रोप बोटाएवढं आहे. कधी फुलेल?

दोन-तीन वर्षांनी. प्रयोगशाळेच्या बाटलीतून काढल्यावर फुलायला एवढा वेळ लागतोच, त्यात तुमचं काही चुकत नाही. पहिलं ऑर्किड घेणार असाल तर फुलावर असलेलं किंवा एकदा फुललेलं घ्या, जुन्या दांड्याचा खुंट दिसतो त्यावरून कळतं.

सगळं केलं, तरी नाही आलं. किती वाट बघू?

जागा बदलल्यापासून एक पूर्ण हिवाळा. फॅलेनॉप्सिसला जानेवारीच्या शेवटापर्यंत दांडा दिसला नाही तर त्या वर्षी बहुतेक नाही, पण उन्हाळ्या-पावसाळ्यात एखादं-दोन नवीन पानं आली आणि आधीच्या पानाएवढी किंवा मोठी आली तर पुढच्या हिवाळ्यात येईल असं धरून चला. नवीन पान आधीपेक्षा लहान येतंय तर मात्र वाट बघू नका, कुंडीतून काढून मुळं बघा. रिक्षातून आलेल्या मावशींच्या झाडाचं तेच होतं, दोन चांगली मुळं शिल्लक होती फक्त. ते अजून फुललेलं नाही. गेल्या महिन्यात तिसरं पान आलं आणि ते आधीच्या दोन्हींपेक्षा मोठं आहे, त्यांनी पट्टी लावून मोजून फोटो पाठवला.